परिचारिकेची चूक: दंड आणि प्रायश्चित्त

परिचारिकेच्या हातून चूक घडली की तिच्यावर होणाऱ्या व्यावसायिक कारवाईत तीन वेगवेगळे प्रश्न एकदम येतात. रुग्णाचे काय झाले, हा पहिला. त्यात तिचा दोष किती, हा दुसरा. आणि उद्या तिच्या हाती रुग्ण सोपवावा का, हा तिसरा. पहिला घटनेचा, दुसरा नीतीचा, तिसरा पात्रतेचा. व्यवहारात मात्र तिन्हींचा निकाल एकाच आदेशात लागतो, आणि बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तरच उरलेल्या दोघांचे उत्तर ठरवून टाकते. रुग्ण दगावला तर दोष मोठा आणि पात्रता संपली; रुग्ण वाचला तर एक मेमो आणि विषय बंद. फळावरून कर्त्याला तोलण्याची ही रीत योग्य आहे का, हा खरा नैतिक प्रश्न आहे. भारतीय धर्मविचाराने आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राने तो रुग्णालयांच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे.

परिचर्येची व्यावसायिक शिस्त नोंदवहीपासून सुरू होते. परिचारिकांच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा प्रथम न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला, ब्रिटनने १९१९ मध्ये. ब्रिटनमध्ये त्याआधी तीन दशके वाद चालला होता. एथेल बेडफर्ड फेनविक यांना परीक्षा, नोंदणी आणि अपात्र व्यक्तीचे नाव वगळण्याचा अधिकार हवा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा नोंदणीला विरोध होता. परीक्षेने माहिती तपासता येते, पण रुग्णसेवेला लागणारे शील परीक्षेत उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा फेनविक यांच्या बाजूने झाला. नाइटिंगेल यांची हरकत मात्र आजही प्रत्येक चौकशीत डोके वर काढते, कारण नाव वगळताना समिती ज्ञानाची उणीव मोजते की शीलाची, हे पुष्कळदा तिलाही स्पष्ट नसते.

भारतात १९४७ च्या अधिनियमाने भारतीय परिचर्या परिषद आली. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली राज्य परिषद नोंदणी करते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव वगळू शकते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्यात नीती आणि नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. तरीही सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची गाठ पहिल्यांदा पडते ती परिषदेशी नव्हे, मालकाशी. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, विभागीय चौकशी, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी ही सारी वाट महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधून जाते. हेच नियम तलाठ्याला आणि कार्यालयातल्या लिपिकालाही लागू आहेत. शासनाचा नोकर शासनाशी नीट वागला का, एवढे त्यांना विचारता येते. ही व्यक्ती रुग्णाला सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्या नियमांच्या भाषेत बसतच नाही. कंत्राटी परिचारिकेला तर तेवढीही वाट नसते. तिची सेवा समाप्त केली की प्रकरण संपते, आणि तिच्या पात्रतेबद्दल कोणी काही ठरवलेले नसते.

चूक म्हणजे नेमके काय, हे वॉर्डात जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. रात्रपाळीचा हॅंडओव्हर झाला आहे. एक सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन खाट-खाट फिरते आहे. केसपेपरवरचे डॉक्टरांचे अक्षर लावायचे, अँप्यूल काढायचे, त्यावरचे नाव वाचायचे, मान तोडायची, सिरिंज भरायची, आणि त्याच वेळी मागून कोणी नातेवाईक म्हणतो, सिस्टर, सलाईन संपलं. ती वळते. परत येते तेव्हा ट्रेमध्ये भरलेल्या दोन सिरिंज आहेत, दोन्हींतले द्रव पाण्यासारखे, आणि चिकटपट्टीवर नाव लिहिलेले एकीवरच. प्रशिक्षणात पाच गोष्टी घोकून घेतलेल्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्या पाचही तिला पाठ आहेत. चुकीच्या क्षणी माणसाला जे ठाऊक असते तेच निसटते, आणि म्हणूनच हा ज्ञानाचा प्रश्न उरत नाही.

अमेरिकेतले डेव्हिड मार्क्स यांनी रुग्णालयांसाठी न्याय्य संस्कृतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा घटनांचे तीन प्रकार आहेत. पहिला हातून निसटलेली चूक: सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूलांतले भलतेच उचलले गेले. दुसरा धोका न जाणवता घेतलेला आडमार्ग: चार दिवस ओळखीचा रुग्ण म्हणून नाव न विचारता इंजेक्शन दिले. तिसरा जाणूनबुजून पत्करलेला धोका. मार्क्स यांच्या मते पहिल्याला धीर द्यावा, दुसऱ्याला शिकवावे, तिसऱ्याला शिक्षा करावी. आणि या वर्गवारीत परिणामाला जागा नाही. हे पटकन पटते, पण त्याची खरी कसोटी एका साध्या उदाहरणात लागते. ताप, नाडी, श्वसन यांचा तक्ता रुग्णाजवळ न जाता टेबलावर बसून भरण्याची सवय बऱ्याच वॉर्डांना ठाऊक आहे. दहातल्या नऊ वेळा तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून ती कारवाईपर्यंत पोचत नाही. पण तो आकडा खोटा आहे हे लिहिणाऱ्याला लिहिताना माहीत असते. थकलेल्या हाताने उचललेले चुकीचे अँप्यूल जीव घेते आणि बातमी होते. खोटा तक्ता फाइलमध्ये शांत पडून राहतो. दोघांत अधिक दोषी कोण, हे मृत्यूवरून ठरवले तर उत्तर उलटे येते.

या प्रश्नाने जगभरच्या परिचारिकांना हलवले ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या खटल्याने. २६ डिसेंबर २०१७ रोजी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावातून सावरत असलेल्या ७५ वर्षांच्या एका स्त्रीला पेट स्कॅनसाठी नेले होते. बंद यंत्राची भीती वाटते म्हणून तिच्यासाठी व्हर्सेड हे गुंगीचे औषध लिहून दिले होते. रेडोंडा वॉट ही परिचारिका त्या दिवशी कोणत्याच एका रुग्णाकडे नव्हती. जिथे हात कमी पडतील तिथे मदतीला जाणे हे तिचे काम होते, आणि सोबत एक नवी परिचारिका शिकायला होती. औषधांच्या संगणकीय कपाटात तिने नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे टाकली. औषध तिथे मिडॅझोलॅम या मूळ नावाने नोंदलेले असल्याने सापडले नाही. तिने कपाटाची अडवणूक बाजूला सारणारी सोय वापरली आणि यादीत त्याच अक्षरांनी सुरू होणारे व्हेक्युरोनियम उचलले. ते स्नायू लुळे करणारे औषध आहे. व्हर्सेड द्रवरूप असते, हे भुकटीच्या रूपात होते आणि त्यात पाणी मिसळावे लागले. बाटलीच्या झाकणावर पक्षाघात घडवणारे औषध असल्याचा इशारा छापलेला होता. स्कॅनच्या जागी बारकोड तपासण्याचे यंत्र नव्हते. औषध देऊन ती निघून गेली. रुग्णावर लक्ष ठेवणारे कोणी राहिले नाही. श्वास थांबलेली ती स्त्री नंतर सापडली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला.

वॉटने चूक कळताच ती कबूल केली. रुग्णालयाने तिला कामावरून काढले, कुटुंबाशी न्यायालयाबाहेर समझोता केला. औषधाच्या चुकीची माहिती शासकीय यंत्रणेला मात्र तेव्हा दिली नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कारवाईची गरज नसल्याचे तिला कळवले. मग एका निनावी तक्रारीवरून केंद्रीय तपासणी झाली, प्रकरण उघड झाले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये वॉटला अटक झाली. विभागाने आपला निर्णय फिरवला. जुलै २०२१ मध्ये परिचर्या मंडळाने तिचा परवाना रद्द केला. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने तिला गुन्हेगारी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल आणि असहाय प्रौढ व्यक्तीच्या गंभीर हेळसांडीबद्दल दोषी ठरवले. मे महिन्यात तुरुंगवासाऐवजी तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही.

ज्या मंडळाला परवाना काढून घ्यावासा वाटला, ते ज्या विभागाखाली चालते त्याच विभागाला आधी, तेच तथ्य समोर असताना, काहीच करावेसे वाटले नव्हते. दोन निर्णयांच्या मध्ये वॉटचे कर्म बदलले नव्हते. बदलली ती प्रसिद्धी. तिचा दोष मात्र या विसंगतीने नाहीसा होत नाही. झाकणावरचा इशारा वाचला गेला नाही, भुकटी पाहून शंका आली नाही, आणि गुंगीचे औषध दिलेल्या रुग्णाला एकटे सोडले गेले. केवळ डोळा चुकला एवढ्याने या तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. म्हणूनच हे प्रकरण विचाराला योग्य आहे: त्यात परिचारिका पूर्ण निर्दोष नाही आणि गुन्हेगारही सहज म्हणता येत नाही.

फळावरून न्याय करण्यातली अडचण थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नैतिक दैव या नावाने मांडली. माणूस ज्यावर ताबा ठेवू शकत नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, हे आपण मानतो. आणि तरीही सारखीच चूक केलेल्या दोघांपैकी ज्याच्या चुकीपुढे योगायोगाने कोणी आले त्यालाच अधिक दोषी ठरवतो. त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या वॉर्डात इशारा न वाचता बाटली उचलली गेली असेल आणि शेजारच्या सिस्टरने हात धरला असेल. तिचे नावही कोणाला कळणार नाही. नेगल यांनी यावर तोडगा दिला नाही. दोन्ही समजुती आपल्यात खोल आहेत आणि त्यांचे जमत नाही, एवढे त्यांनी दाखवले.

विल्यम्स यांनी एक मोलाची भर घातली. काहीही चुकलेले नसताना ज्याच्या लॉरीखाली मूल आले, त्या चालकाला जे वाटते ते बघ्याच्या हळहळीपेक्षा वेगळे असते, आणि वेगळे असायलाच हवे. हे माझ्या हातून झाले, ही जाणीव दोषावर अवलंबून नाही. चुकीने रुग्ण गमावलेल्या परिचारिकेला ती जाणीव झोपू देत नाही. अमेरिकन वैद्य अल्बर्ट वू यांनी २०००च्या एका लेखात चूक घडलेल्या वैद्यक-कर्मचाऱ्याला दुसरा बळी म्हटले, ते याच अर्थाने. त्या शब्दावर मृतांच्या नातेवाइकांनी पुढे हरकत घेतली, आणि ती रास्त आहे: ज्याचे माणूस गेले त्याच्या शेजारी उभे राहून बळीपण वाटून घेता येत नाही. पण यातना खरी आहे, आणि जी शिस्त तिची दखल घेत नाही ती अपुरी आहे.

कर्तेपणाचा प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायात विलक्षण स्पष्टपणे येतो. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा आणि दैव. असे असता केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी कच्ची, असे तिथे म्हटले आहे. ज्ञानेश्वरीत याचा विस्तार आहे. नॅशव्हिलचा प्रसंग या पाचांत सहज वाचता येतो. बारकोड-यंत्र नसलेली ती जागा, ती परिचारिका, ते कपाट आणि ती बाटली, शिकवणे आणि धावपळ यांत वाटला गेलेला तो दिवस, आणि अक्षरांच्या सारखेपणाचा योगायोग. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये अपघातांविषयी जे सांगितले त्याचा गाभा हाच आहे: अपघाताच्या टोकाशी उभा असलेला माणूस शेवटचे कारण असतो, एकमेव नव्हे. सांद्र पोटॅशियम क्लोराइड वॉर्डांच्या साठ्यातून हलवण्याचा निर्णय अनेक देशांनी घेतला तो याच समजुतीने. ते थेट शिरेतून दिले गेल्याने मृत्यू होत होते; परिचारिकांना सावध राहा म्हणून बजावण्याचा फारसा उपयोग होत नव्हता, बाटली हाताशी नसण्याचा झाला.

पाच कारणांचा हा विचार दोन टोकांना ताणला जाऊ शकतो. व्यवस्थेचाच दोष म्हणून परिचारिकेला सर्वस्वी मोकळे करणे हे एक टोक. पण गीतेच्या यादीत कर्ता वगळलेला नाही. तो पाचांत एक आहे. दुसरे टोक अधिक घातक: अहंभाव नसलेल्याला कर्म बांधत नाही, या पुढच्या वचनाचा आधार घेऊन हेतू शुद्ध होता एवढ्यावर विषय संपवणे. त्याच अध्यायात त्यावर उतारा आहे. परिणाम, हानी, हिंसा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस, असे तिथे सांगितले आहे. बेफिकिरीची याहून नेमकी व्याख्या आधुनिक सुरक्षाशास्त्रातही नाही. हेतू वाईट असावा लागत नाही. ज्याचा विचार करायला हवा होता त्याचा न केलेला विचार पुरतो. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ कसोटी मानली, पण ती बुद्धी म्हणजे नुसता चांगुलपणा नव्हे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चांगुलपणा अर्धवटच पडतो. चरकाने परिचारकाच्या चार गुणांत प्रेमभाव आणि शुचिता यांच्याबरोबर उपचाराचे ज्ञान आणि दक्षता ठेवली आहे.

निष्काळजीपणाला हिंसेच्या केंद्रस्थानी सर्वांत ठामपणे आणले ते जैन विचाराने. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादयुक्त वागण्यातून झालेला प्राणघात अशी आहे. सावध चालणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव आला तर भाष्यकार त्याला हिंसेच्या पापाचा धनी मानत नाहीत. बेसावध चालणाऱ्याच्या पायाखाली काही आले नाही तरी तो निर्दोष नसतो. बौद्ध विनयात भर हेतूवर आहे: न जाणता, न इच्छिता घडलेल्या मृत्यूने भिक्षू संघाबाहेर जात नाही. विनयात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याची लक्षणे वेगळी सांगितली आहेत, आणि त्यांत औषध तयार करता येणे व रुग्णाला काय पथ्यकर हे कळणे मोजले आहे, हेही विसरू नये. अॅरिस्टॉटलनेही अज्ञानात दोन प्रकार केले: माणसावर ओढवलेले आणि त्याने स्वतःच ओढवून घेतलेले. दारूच्या नशेत केलेल्या अपराधाला दुप्पट दंड देणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो. परिचारिकेच्या बाबतीत विचारायचा प्रश्न त्यामुळे सोपा होतो, उत्तर नव्हे: तिला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नसण्याला ती जबाबदार होती का? सोळा तासांच्या सलग ड्यूटीनंतरचा थकवा तिने ओढवून घेतलेला नसतो. न वाचलेले लेबल काही अंशी असते.

आता शिक्षेकडे. धर्मशास्त्राने एकाच कृत्याला दोन निरनिराळी उत्तरे दिली होती. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन भाग आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. दंड व्यवहारात येतो, तो राजाने द्यायचा. प्रायश्चित्त वेगळे, ते परिषदेच्या सांगण्यावरून कर्त्याने स्वतः करायचे. चुकीचे उपचार करणाऱ्या वैद्यावर मनू आणि याज्ञवल्क्य यांनी दंड सांगितला, आणि तो रुग्ण पशू की माणूस यावर ठरवला. कौटिल्याने धोक्याची कल्पना न देता केलेल्या उपचारात रोगी दगावल्यास एक दंड आणि उपचाराच्या चुकीनेच दगावल्यास त्याहून मोठा, असा भेद केला. दंड म्हणजे मुख्यतः हानीचे मोजमाप. प्रायश्चित्तात पहिला प्रश्न जाणून केले की नकळत, हा होता. या विषयावरचा सर्वांत मोठा अभ्यास भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात केला, आणि जाणून केलेल्या पापाला प्रायश्चित्त आहे की नाही याबद्दल शास्त्रकारांत किती मतभेद होते ते त्यांच्या विवेचनातून दिसते. याज्ञवल्क्याचा निर्णय फार विचार करण्याजोगा आहे: नकळत केलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणून केलेल्या बाबतीत माणूस निदान पुन्हा समाजाच्या व्यवहाराला योग्य होतो.

या ग्रंथांतली प्रायश्चित्ते जातीच्या उतरंडीने बरबटलेली आहेत. कोणाला मारले यावरून तपाची वर्षे ठरत, आणि ते आज कोणत्याही न्यायी माणसाला मान्य होणार नाही. पण त्या उतरंडीपासून सोडवून घेण्यासारखा एक भेद तिथे आहे: हानीचा हिशोब एका ठिकाणी, माणूस पुन्हा व्यवहाराला योग्य होण्याची वाट दुसऱ्या ठिकाणी. यहुदी धर्मशास्त्रातही तसेच काही दिसते. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी मेला, तर तो तोडणारा आश्रयाच्या सहा नगरांपैकी एकात पळून जाऊ शके. त्याला खुनी म्हणत नसत, आणि निर्दोष म्हणून घरीही बसू देत नसत. प्रधान याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याने तिथेच राहायचे, मग परतायचे. त्याच्या हद्दपारीला शेवट होता.

ब्रिटनच्या परिचर्या व प्रसूतिविद्या परिषदेची आजची पद्धत, नकळत का होईना, या दुसऱ्या वाटेच्या सर्वांत जवळ जाते. तिची समिती गुन्हा शोधत नाही. आज ही परिचारिका कामाला योग्य आहे का, हे विचारते. ताकीद, अटींवर काम, जास्तीत जास्त एक वर्षाचे निलंबन, आणि शेवटी नाव वगळणे, असे चढते उपाय तिच्या हाती आहेत. नाव वगळलेल्या व्यक्तीला पाच वर्षांनी परतीचा अर्ज करता येतो. तिथल्या न्यायालयाने डॉक्टरांच्या एका प्रकरणात २००८ मध्ये विचारायचे प्रश्न सांगितले: दोष दुरुस्त होण्यासारखा आहे का, दुरुस्त झाला आहे का, पुन्हा घडण्याची शक्यता अगदी थोडी आहे का. २०११ मध्ये परिचारिकांच्याच प्रकरणात त्यात भर पडली की लोकांचा व्यवसायावरचा विश्वासही तोलावा लागेल. ही भर धोक्याची आहे. लोकांचा विश्वास म्हणजे पुष्कळदा मृत्यूच्या बातमीने पेटलेला क्षोभ, आणि तिथून फळ पुन्हा मागच्या दाराने निर्णयात शिरते. लेस्टरच्या रुग्णालयात २०११ मध्ये दगावलेल्या एका मुलाच्या प्रकरणात एक डॉक्टर आणि एक परिचारिका, दोघीही घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरल्या. देशभरच्या डॉक्टरांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने डॉक्टरला नोंदवहीतून वगळण्याचा आदेश रद्द केला. परिचारिकेचे नाव त्याआधीच वगळले गेले होते, आणि तिच्यासाठी तसे आंदोलन उभे राहिले नाही.

प्रायश्चित्ताची पहिली पायरी कबुली आहे, हे सगळ्या परंपरांत समान आहे, आणि इथेच दंडाशी त्याचे सरळ भांडण होते. समिती परिचारिकेला चुकीची जाण आली का ते पाहते. जाण दाखवायची तर चूक मान्य करायला हवी. आणि मान्य केलेले शब्द फौजदारी न्यायालयात पुरावा होतात. वॉटची कबुली खटल्यात तिच्याविरुद्ध गेली. पाहणाऱ्या परिचारिकांनी त्यातून जो धडा घेतला तो रुग्णांना महागात पडणारा होता: तोंड उघडू नका. वॉर्डातल्या चुका कळवल्या गेल्या नाहीत तर बाटली कपाटातून हलवण्याचा निर्णय कोणी घेणार नाही. केंटकी राज्याने २०२४ मध्ये कायदा करून घोर निष्काळजीपणा वगळता आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या चुकांना फौजदारी जबाबदारीतून मुक्त केले, ते याच भीतीचे उत्तर होते. दंड नको असे यातून निघत नाही. खोटा तक्ता भरणारी, चूक लपवून केसपेपर बदलणारी, नशेत ड्यूटीवर येणारी व्यक्ती दंडाला पात्र आहे, मग कोणी मरो वा न मरो. ज्या कृत्यात असत्य किंवा जाणती बेपर्वाई नाही, त्यात दंडाने काही साधत नाही आणि सत्य मात्र हातचे जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण इथे पाच कारणांपैकी सर्वांत खालच्या कर्त्यावरच बोट ठेवण्याची सवय आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. शासनाने जिल्हा शल्यचिकित्सकांना, एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि प्रभारी परिचारिकेला निलंबित केले, अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली केली. कंत्राटी असलेले बालरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका यांची सेवा थेट समाप्त झाली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. काही दिवसांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. रुग्णांना सोडून कोणी बाहेर पडले का, वेळीच लक्ष दिले का, हे प्रश्न योग्यच आहेत. पण वीजवाहिन्या, अग्निशमनाची तपासणी, कक्षातले मनुष्यबळ हे ज्यांच्या सहीने ठरते ते कोठडीच्या दारापर्यंत क्वचित पोचतात. उपचाराच्या चार पायांत चरक वैद्याला प्रमुख मानतो. परिचारक, औषध आणि रोगी त्याच्या आधारे उभे राहतात, असे तो सांगतो. प्रमुखपण श्रेयात असेल तर ते दोषातही असायला हवे.

कायद्याने ही विषमता आता लेखीच केली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून मृत्यू घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत. त्या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालील नोंदवहीला जोडलेली आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत असूच शकत नाही. एकाच खाटेशी, एकाच उपचारात, एकाच चुकीत डॉक्टर आणि सिस्टर दोघेही असतील, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे तिची कमाल शिक्षा अडीचपट ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले पाहिजे, असे सांगितले. तो निकाल डॉक्टरांच्या संदर्भातला आहे. परिचारिकेच्या कामावर मत देणारी व्यक्ती परिचारिकाच असावी, अशी तरतूद तर अजून कोणी मागितलेलीही दिसत नाही.

एक गोष्ट या साऱ्या यंत्रणेच्या बाहेर राहते. क्षमा करण्याचा अधिकार परिषदेला नाही, न्यायालयाला नाही, सहकाऱ्यांच्या मोर्चालाही नाही. तो मृताच्या माणसांचा आहे, आणि ती माणसेही एकमताची असतात असे नाही. वॉटला शिक्षा सुनावताना मृत स्त्रीच्या मुलाने सांगितले की आई क्षमाशील होती आणि या बाईला तुरुंगात पाठवणे तिला आवडले नसते. त्याच्या वडिलांना मात्र जास्तीत जास्त शिक्षा हवी होती. न्यायालयाने दोन्ही म्हणणी ऐकून घेतली. परवान्याचा निर्णय त्याआधीच झाला होता, आणि त्यात या दोघांपैकी कोणाच्याही म्हणण्याला जागा नव्हती. ते योग्यच होते. ती परिचारिका पुन्हा सुरक्षितपणे काम करू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर ना मुलाच्या क्षमेत होते, ना वडिलांच्या रागात. ते तिच्या कामात, तिच्या जाणिवेत आणि तिला परतायचे असल्यास तिच्यावर घातल्या जाणाऱ्या अटींत शोधायचे होते, आणि ते त्या मंडळाचेच काम होते.